सर्वांत निरोगी जिल्हा

देशात हिपॅटायटिस बी सर्वांत कमी ज्या जिल्ह्यात आढळला, त्याच जिल्ह्याच्या यकृत-दवाखान्यातून देशातले सर्वांत जास्त रुग्ण या रोगाचे औषध घेत होते.

दोन्ही आकडे आमच्याच कार्यालयातून निघाले होते. पहिला राष्ट्रीय पाहणीचा होता. घरोघरी जायचे, घरातल्या प्रौढांपैकी एकाची निवड यंत्रावर सोडायची आणि त्याच्या बोटातून थेंबभर रक्त घ्यायचे, अशी तिची रीत. हा विषाणू माणसाच्या यकृतात वर्षानुवर्षे मुकाट राहतो, त्यामुळे दवाखान्यात आलेल्यांवरून त्याचा पसारा कळत नाही. म्हणून हा खटाटोप. देशाचे प्रमाण शेकडा तीन आले. या जिल्ह्याचे शेकडा अर्धेसुद्धा नव्हते. दुसरा आकडा औषध-विभागाचा होता आणि तो माणसांचा नसून रिकाम्या होणाऱ्या डब्यांचा होता, एवढाच काय तो फरक.

संचालकांनी यातून निष्कर्ष काढून ठेवला होता. जिल्ह्यात रोग नाही, सबब तिथल्या दवाखान्याची गरज नाही. तो मुख्यालयाच्या रुग्णालयात विलीन करावा. सोमवारच्या बैठकीत त्यावर सही व्हायची होती.

"बाहेरगावचे रुग्ण येत असतील तिथे," ते म्हणाले.

"पत्ते पाहिले, सर. सगळे त्याच जिल्ह्यातले आहेत."

"मग तिथला डॉक्टर फुगवून सांगत असेल."

"तपासण्या आपल्या प्रयोगशाळेत झाल्यात."

"मग पाणी चांगलं असेल तिथलं."

"हा विषाणू पाण्यातून पसरत नाही."

या खात्याचे ते सहा वर्षे प्रमुख होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, पाहणी कोणी आखली?"

"आपण सगळ्यांनी."

"झालं तर मग. आपलाच आकडा आपण खोटा पाडायचा?" आणि मग, आवाज खाली आणून, "तुमचे थोरले बंधू तिथेच औषध घेतात ना?"

घेत होते. त्यामुळे माझी प्रत्येक शंका आता बहिणीची शंका ठरणार होती, आणि हे त्यांना नेमके ठाऊक होते.

तपासण्यासारखे जे होते ते मी तपासले. चाचणीच्या पट्ट्या इतर जिल्ह्यांत पाठवलेल्या खोक्यांतल्याच होत्या. त्या उन्हात पडल्या नव्हत्या. ज्ञात नमुन्यांवर त्या चोख उत्तर देत होत्या. वयाची आणि वस्तीची गणिते मी दोनदा केली, मग चिडून तिसऱ्यांदा केली. 'निवडलेली व्यक्ती उपलब्ध नाही' असा शेरा इथे थोडा जास्त होता, पण कामावर गेलेली माणसे घरी सापडत नाहीत, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. साप साप म्हणून भुई धोपटण्याचा कंटाळा आला, तेव्हा रविवारी सकाळच्या बसने मी त्या जिल्ह्याला गेले. निमित्त दादाला भेटण्याचे होते. खरे सांगायचे तर दुसरा मार्ग उरला नव्हता.

दादा पाण्याचे पंप दुरुस्त करतो. दुकान पुढे, घर मागे. मी शिरले तेव्हा एक पंप उलटा पडलेला होता आणि दादा त्याच्या पोटात हात घालून बसला होता.

"या, शहाणे," तो म्हणाला. "माझा दवाखाना उचलून नेताय म्हणे?"

"अजून नाही."

"उद्या न्याल. जिल्ह्यात रोगच नाही म्हणतात तुमचे लोक. मग मी काय हौसेनं गोळी खातो रोज?"

वहिनीने ताटे मांडली. ती बोलायला लागली की वाढण्याचा वेग आपोआप वाढतो.

"वन्सं, दवाखाना गल्लीच्या टोकाला आहे, तरी ह्यांना दर महिन्याला तिथवर ढकलताना माझा जीव मेटाकुटीला येतो. उद्या तीन तासांच्या बसनं कोण जाणार? हे? दारावरची घंटा वाजली तर म्हणतात, तूच बघ."

"घंटा तुझ्या माहेरचीच असते."

"ऐका! गेल्या खेपेला गोळी सुटली तेव्हा डोळे कसे झाले होते आठवतंय ना? हळदीसारखे. पोटात पाणी झालं. दोन आठवडे खाटेवर. तेव्हा घंटा कोणाची होती?"

या औषधाची खोड अशी, की ते मध्येच सोडले तर दबून राहिलेला विषाणू उसळतो आणि यकृत कधीकधी कायमचे हातचे जाते. दवाखाना गेला तर दादाची गोळी सुटणार, हे गृहीतक नव्हते. तो माझा भाऊ आहे.

"तसे तुमचे लोक आले होते की आपल्याकडे," वहिनी म्हणाली.

"कोणते लोक?"

"ते बोटाला टोचणारे. फोनमध्ये घरातल्या मोठ्यांची नावं घातली, त्यातून ह्यांचं नाव निघालं. हे लगेच बाही सरसावून बसले."

"बोट टोचायचं तर बाही कशाला सरसावीन?" दादा म्हणाला. "बोट पुढे केलं."

"मग?" मी विचारले.

"मग काय. सिस्टरनं विचारलं, आधी तपासणी झालीय का. म्हटलं झालीय, पक्का रोगी आहे, गोळ्या चालू आहेत. तर म्हणाल्या, मग काका, तुम्हाला कशाला उगाच टोचू? आणि हिचं बोट धरलं."

"माझ्यात काही निघालं नाही," वहिनी अभिमानाने म्हणाली. "निघेल कसं? ह्यांचं कळलं त्याच महिन्यात दवाखान्यानं अख्ख्या घराला तपासून लस टोचली."

माझ्या हातातला घास तसाच राहिला.

"मला तर वाटलं, सरकारदरबारी मी बरा झालो," दादा म्हणाला.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस? तू फोनवर विचारतेस, गोळी घेतली का. मी म्हणतो, घेतली. तू ठेवतेस."

"आणि शेजारी?"

"त्यांच्याकडे सासऱ्यांचं नाव निघालं होतं," वहिनी म्हणाली. "तेही गोळ्यांवर आहेत. म्हणून सुनेचं रक्त घेतलं. का हो वन्सं, चुकलं का काही?"

मी ताटावरून उठले. वहिनीने त्याचाही राग धरला.

पाहणीच्या तुकडीची प्रमुख सिस्टर गावातच राहत होती. ती वाळलेले कपडे दोरीवरून काढत होती आणि मी बोलत असताना तिने ते काढणे थांबवले नाही.

"मॅडम, ज्याला आहे हे ठाऊकच आहे, त्याला पुन्हा टोचून काय मिळणार?"

"तो मोजला जाईल."

"दवाखान्यात मोजलाय की."

"पण पाहणीत तो नसल्यासारखा होतो, सिस्टर. त्याच्या जागी त्याची लस घेतलेली बायको येते. यंत्रानं तर त्याला निवडलं होतं. तुम्ही काय नोंदवलंत?"

"'उपलब्ध नाही' दाबलं की यंत्र पुढचं नाव देतं."

"तो समोर बसलेला असताना?"

तिने चादर झटकली. "पाहणीआधी या रोगाच्या शोधमोहिमेत आम्ही तीन वर्षं हेच केलं. तेव्हा नवे रुग्ण हवे होते. जुन्याला पुन्हा तपासलं की साहेब ओरडायचे, पट्टी वाया घालवलीत म्हणून. आता नाही तपासलं म्हणून तुम्ही ओरडताय. एकदा काय ते ठरवून सांगा ना! प्रशिक्षणाला बोलावलंत, तर अर्धा दिवस बोट कसं टोचायचं ते शिकवलंत. मी वीस वर्षं बोटं टोचतेय."

हे खरे होते. जुन्या रुग्णालाही टोचा, असे प्रशिक्षणात कोणी सांगितले नव्हते, कारण ते सांगावे लागेल असे कोणाच्या मनात आले नव्हते. आणि पाहणीच्या सगळ्या तुकड्या त्याच शोधमोहिमेतून उचललेल्या होत्या. मग आकडा एकाच जिल्ह्याचा का कोसळावा?

"इतर जिल्ह्यांतही असंच करता?" मी विचारले.

"करतो की. पण तिथे असं माणूस भेटतं कुठे? मागच्या जिल्ह्यात महिनाभर फिरलो, आपल्याला हा रोग आहे असं सांगणारा एक भेटला नाही. तिथे शोधमोहीम नावापुरतीच झाली, लोकांना तपासलंय कोणी? इथे दर गल्लीत भेटतात."

मी तिच्या हातातल्या चादरीचे दुसरे टोक धरले, आणि आम्ही तिची घडी घातली.

सोमवारी संचालकांनी सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे आपली पाहणी चुकली, असं लिहायचं?"

"हो."

"जरा सौम्य शब्दांत नाही का होणार?"

"शब्द सौम्य केले तरी आकडा तोच राहील, सर. 'उपलब्ध नाही' लिहिलेल्या घरी पुन्हा जाऊ द्या. माझ्या भावाचं घर वगळा हवं तर."

शेवटच्या वाक्याने त्यांची पंचाईत झाली, कारण आक्षेपाला जागा उरली नाही. सही लांबणीवर पडली. सिस्टरची तुकडी त्या घरांत पुन्हा गेली आणि या वेळी यंत्राने निवडलेल्या माणसाचेच बोट टोचून आली. दादाचे घर वगळूनही जिल्ह्याचे प्रमाण शेकडा पाचावर गेले; देशात सर्वांत जास्त. विलीनीकरणाचा प्रस्ताव मागे घेतला गेला. दादा अजून गल्लीच्या टोकाला जातो आणि अजून कुरकुरतो. इतर जिल्ह्यांतही तुकड्या अशा घरी पुन्हा गेल्या; तिथे फारसा फरक पडला नाही.

टिपणात मी कारण लिहिले ते असे: निवडलेल्या व्यक्तीला आपला आजार आधीच ठाऊक असेल, तर तुकड्या तिला वगळून घरातल्या दुसऱ्या, बहुधा लस घेतलेल्या, माणसाची तपासणी करत होत्या. या जिल्ह्यात दवाखान्याने सर्वांत जास्त रुग्ण शोधून काढले होते, म्हणून पाहणीतून सर्वांत जास्त रुग्ण इथेच वगळले गेले.