फाटकाबाहेरचं नत्र

आमच्या झाकण्याचं नाक असं की गोठ्यात गाय शेण टाकायचा नुसता विचार करायला लागली, तरी याला रस्त्यापलीकडे कळायचं. वाढवून सांगतोय असं वाटलं तर गायीला विचारा.

झाकण्या म्हणजे आमच्या भागातलं शेणखत केंद्र चालवणारा. गोठ्यागोठ्यांतून शेण आणायचं, टाकीत कुजवायचं आणि खत करून शेतांना परत द्यायचं, हे त्याचं काम. शेणातला खरा ऐवज म्हणजे नत्र, आणि नत्राची खोड अशी की जरा उघडं सापडलं की वायू होऊन पळतं आणि जाताजाता डोळ्यांत चुरचुरून जातं. म्हणून याने झाकणांचा ध्यासच घेतला. गाडीला झाकण, टाकीला झाकण, बादलीलाही झाकण. बायको म्हणायची, आता तेवढं तोंडाला करायचं राहिलंय. शेण ऊबदार असतानाच ते याच्या गाडीत जायचं. त्याच्या खतावर आमच्याकडची कणसं अशी ठासून भरायची की वारा पडला की दाणे एकमेकांना ‘जरा सरक’ म्हणताना ऐकू यायचे.

खालच्या भागातलं केंद्र त्याच्या साडूकडे. साडू निवांत गडी. शेण गोठ्याबाहेर उन्हात पसरलेलं असायचं, आणि त्याची गाडी फिरायची ती सवड झाली तर. त्या ढिगांवरून उडणारे कावळे शिंकत जायचे. एकाच्या चोचीतला घास पडला, तर दुसऱ्याने तोही उचलला नाही.

मग मापन कार्यालयाने ठरवलं की शेणाचं खत करताना कोणत्या भागात किती नत्र वाया जातं, याची दरवर्षी तुलना करायची, आणि जो भाग सुधारणार नाही त्याच्या केंद्राला टाळं लावायचं. रीत सोपी होती. शेण केंद्राच्या फाटकातून आत येताना एक नमुना घ्यायचा, खत बाहेर पडताना दुसरा. मधली तूट म्हणजे नुकसान. हे काम आलं झाकण्याच्याच लेकीकडे. हा गावभर सांगत सुटला, आता दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी होईल.

झालं ते भलतंच. साडूचं शेण फाटकाशी पोचायच्या आतच आपलं नत्र उन्हात उधळून मोकळं झालेलं. आत आल्यावर त्यातून जायला काही उरलेलंच नव्हतं. नागव्याच्या घरी चोर काय नेणार? झाकण्याचं शेण मात्र नत्राने गच्च भरलेलं. कितीही झाका, ढवळताना आणि वाळवताना थोडं निसटणारच. आणि ते निसटायचं फाटकाच्या आत, म्हणजे नेमकं मापात. आलेख निघाला तेव्हा साडू अव्वल आणि हा तळाला. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्याही वर्षी तेच.

लेकीला चूक कळली. पहिला नमुना फाटकाशी नाही, गोठ्याशी घ्यायला हवा होता. ती साहेबांकडे गेली. साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी सगळं ऐकलं, मान्य केलं, तिच्यासाठी चहा मागवला.

“आज माप बदललं तर मागच्या वर्षांशी तुलना कशी करणार, मॅडम?”

“पण मागची वर्षंच चुकलीत, सर.”

“सगळीकडे सारखीच चुकलीत ना? मग तुलना बरोबर आहे.”

वर त्यांनी हळूच सुचवलं की माप बदला म्हणणाऱ्या मॅडमचे वडीलच तळाला आहेत, हे लोकांच्या ध्यानात यायला वेळ लागायचा नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने चहा घेतला आणि उठली.

घरी येऊन तिने बापाला समोर बसवलं. पुढच्या मोजणीत तूट कमी दिसली नाही तर केंद्राला टाळं लागेल, म्हणाली. तेव्हा शेण आठवडाभर फाटकाबाहेर उघडं पडू द्या, मग आत घ्या. झाकण्या भडकला.

“नाकासमोरून उडून गेलेलं नत्र गेलंच नाही म्हणायचं?”

“फाटकाबाहेर गेलेलं गेलं नाही, अप्पा. तसंच मोजतात.”

“कोण मोजतं?”

“मीच मोजते.”

मग लेकीने शेवटचं सांगितलं. केंद्र बंद झालं तर आपल्याकडचं सगळं शेण काकांच्या केंद्रात जाणार. साडूच्या हाती! दुसऱ्या दिवशी झाकण्याने आपल्या हाताने गाडीचं झाकण उतरवलं. बिजागऱ्या इतक्या घट्ट बसवल्या होत्या की काढताना त्याचंच नख उलटलं.

केंद्र वाचलं. नुसतं वाचलं नाही, आलेखात आमच्या भागाची रेघ अशी उतरली की तिला धरून पोरं घसरगुंडी खेळली असती. कार्यालयाने समारंभ केला. सगळ्यात मोठी सुधारणा कोणत्या भागाची, हे लेकीनेच माइकवर वाचून दाखवलं, खाली मान घालून. साडूने झाकण्याला मिठी मारली आणि म्हणाला, “आलास एकदाचा माणसांत. नाकाने कांदे सोलत होतास इतकी वर्षं.”

शेतं मात्र फिकी पडली. शेतकरी येऊन विचारायचे, केंद्र सुधारलं म्हणता, मग खताला काय झालं? झाकण्या त्यांना भिंतीवरचा आलेख दाखवायचा. कणसातले दाणे आता बोलत नाहीत. शेजारी कुणी असलं तर बोलणार ना.

परवा त्याच्याकडे गेलो होतो. फाटकाबाहेर ढिगाजवळ तो त्याच गाडीच्या झाकणावर बसला होता. शेण केव्हा आत घेण्याजोगं होतंय, याची वाट बघत. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मी विचारलं, काय रे, काय झालं?

“वायू,” तो म्हणाला. “चुरचुरतो.”

मी वाकून ढिगाशी नाक नेलं. वास नाही, चुरचुर नाही. कधीचीच माती झाली होती त्याची.

“हो बाबा,” मी डोळे पुसल्यासारखं करत म्हटलं, “आज फारच आहे.”