न्यादाकच्या नावाचा दाखला

दीक्षा गजभिये येतेय हे घरी कोणालाच ठाऊक नव्हतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, विमानतळावरून ऑटो करून ती नागपूरच्या इंदोरा भागातल्या घरासमोर उतरली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आई, पंचफुलाबाई, दार उघडून क्षणभर बघतच राहिली. लेक जूनपर्यंत परतणार नव्हती.

दीक्षा एक्केचाळीस वर्षांची. चौदा वर्षं नागपुरातल्या एका इस्पितळात नर्स म्हणून काढल्यावर ती परदेशात मदतकार्य करणाऱ्या एका वैद्यकीय संस्थेत गेली. या खेपेला तिला दक्षिण सुदानमधल्या एका कॉलरा केंद्रावर पाठवलं होतं. पूर आणि लढाई, दोन्हींतून पळून आलेली माणसं तिथं दलदलीच्या काठावर राहत होती. ताडपत्रीचा वॉर्ड, मधोमध भोक असलेल्या खाटा, प्रत्येक खाटेखाली बादली. चार महिने दीक्षानं त्याच वॉर्डात काढले. मग एका सकाळी संस्थेचा निरोप आला, लढाई जवळ सरकतेय, दोन तासांत धावपट्टीवर या.

आईला तिनं एवढंच सांगितलं की काम लवकर संपलं.

घरात दोघीच. आईला बोलायला माणूस हवं होतं आणि दीक्षाला बोलणं नको होतं. मे महिन्याच्या उन्हात दोघी कूलरसमोर बसायच्या. आई टीव्हीवरची मालिका समजावून सांगायची, दीक्षा मान हलवायची. संस्थेनं समुपदेशनासाठी एका बाईंचा नंबर दिला होता. त्या दर मंगळवारी फोन करून झोप कशी लागते, भूक लागते का, असं मायेनं विचारायच्या. दीक्षा सगळं ठीक आहे म्हणायची. झोप खरंच लागत होती. त्याचीच तिला लाज वाटायची.

बुद्धपौर्णिमेला विहारात तिचा सत्कार झाला. महिला मंडळाच्या यमुताईंनी तिला आग्रहानं पुढं बसवलं, शाल दिली आणि चार शब्द बोलायला सांगितलं. कॉलऱ्यात शरीरातलं पाणी किती वेगानं जातं, मीठ-साखरेच्या पाण्यानं माणूस कसा वाचतो, ते तिनं सांगितलं. एका कॉलेजातल्या मुलीनं विचारलं, तिनं किती जीव वाचवले असतील. साडेचारशेच्या वर पेशंट बरे होऊन घरी गेले, असं दीक्षानं सांगितलं, आणि टाळ्या झाल्या. ती निघाली तेव्हा खाटांवर असलेल्या चोवीस जणांबद्दल ती काही बोलली नाही. बायका फोटो काढायला जमल्या, तेव्हा चपला शोधायच्या निमित्तानं ती बाहेर पडली आणि शाल हातात घेऊन एकटीच घरी चालत आली.

फोन मात्र ती हातातून सोडत नव्हती. रोज पाच-सहा वेळा एकच चॅट उघडून बघायची. तिथं तिनं पाठवलेले मेसेज एकाखाली एक साचले होते. प्रत्येकासमोर एकच खूण. पोचलेला एकही नाही.

पंचफुलाबाईंच्या ते लक्षात आलं होतं. एका दुपारी त्यांनी टीव्ही बंद केला.

"कोणाची वाट पाहून राहिली वं तू? इतके दिवस झाले."

दीक्षाला आधी उठून जावंसं वाटलं. मग तिनं सांगितलं. न्यादाक म्हणून एक बाई होती, तिथलीच. वॉर्डात मदतनीस होती, चार वर्षांपासून. दीक्षाला तिथली भाषा येत नव्हती, त्यामुळं पेशंट जे म्हणेल ते न्यादाक मोडक्या इंग्रजीत सांगायची आणि दीक्षा जे म्हणेल ते त्यांच्या भाषेत. सलाईनसाठी शीर सापडत नसली की न्यादाकलाच सापडायची. त्या दिवशी दीक्षाची बॅग डोक्यावर घेऊन ती धावपट्टीपर्यंत चिखलातून आली होती. दीक्षा गेल्यावर चौथ्या दिवशी हत्यारबंद लोकांनी केंद्र लुटलं आणि जाळलं. तिथल्या कर्मचाऱ्यांचं काय झालं ते संस्थेलाही कळलं नव्हतं.

"लेकरं हायेत तिले?"

"दोन आहेत."

"मंग तिले काहून नाही बसवलं इमानात?"

"बाहेरून आलेल्यायलेच नेत होते, आई. तसा नियम होता."

दीक्षाला वाटलं होतं, आई म्हणेल की तुझा काय दोष. आई तसं म्हणाली नाही. ती उठली आणि कूलरमध्ये पाणी टाकायला गेली. बादली भरेपर्यंत दीक्षा तशीच बसून होती. मग मागं न बघता तिनं उरलेलंही सांगून टाकलं. विमानात चढताना न्यादाकनं विचारलं होतं, परत कधी येशील. आणि दीक्षा म्हणाली होती, एका आठवड्यात. तसं होणार नाही हे तिला माहीत होतं.

जुलैमध्ये अनोळखी नंबरवरून एक आवाजी मेसेज आला. दीक्षा तेव्हा कमाल चौकात भाजी घेत होती. हातातली पिशवी तिथंच ठेवून, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून तिनं तो ऐकला. आवाज न्यादाकचा होता. ती सीमा ओलांडून इथिओपियातल्या छावणीत पोचली होती. फोन दुसऱ्या कोणाचा तरी होता, म्हणून ती भरभर बोलत होती. केंद्र जळायच्या आदल्या दिवशी त्यांनी पेशंट हलवले. एकोणीस जण चालत गेले किंवा नातेवाइकांनी उचलून नेले. पाच जण हलवण्याजोगे नव्हते. "त्यांच्या हाताशी मी पाणी ठेवलं," ती म्हणाली, आणि पुढं काही सांगितलं नाही. मुलं तिच्यासोबत होती. तिच्या आईला चालवलं नाही, ती मागं राहिली. मग तिनं कामाचं सांगितलं. छावणीच्या दवाखान्यात माणसं घेतायत, पण तिचे सगळे कागद जळाले. ती चार वर्षं वॉर्डात होती, असं दीक्षा लिहून देईल का?

दीक्षानं तो मेसेज तीनदा ऐकला. भाजीवालीनं हाक मारून पिशवी दिली.

संस्थेच्या कार्यालयाला तिनं लगेच कळवलं. तिथून उत्तर आलं की नोंदी तपासून अधिकृत पत्र देऊ, काही आठवडे लागतील. तेवढं थांबायची तिची तयारी नव्हती. घरच्या टेबलावर कागद घेऊन ती स्वतःच लिहायला बसली. वर आपलं नाव आणि नर्सिंगचा नोंदणी क्रमांक लिहिला. पुढं न्यादाकचं नाव लिहायचं होतं, आणि तिथं ती अडली. पूर्ण नाव तिला माहीत नव्हतं. वय, गाव, काहीच नाही. चार महिने रोज बारा-बारा तास दोघी एका खाटेच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या होत्या.

तिनं मेसेज करून विचारलं. उत्तर दोन दिवसांनी आलं. नाव, वडिलांचं नाव, गाव, वय चौतीस. खाली आणखी एक ओळ होती. "एका आठवड्यात येईन म्हणालीस, तेच मी पेशंटना सांगितलं. तू येणार नाहीस हे मला माहीत होतं, पण त्यांना बरं वाटलं."

तो राग होता की नाही, दीक्षाला ठरवता येईना. तिनं दाखला लिहून काढला. सलाईन लावते, किती पाणी गेलंय ते डोळे आणि कातडी बघून ओळखते, ताप-नाडीच्या नोंदी अचूक ठेवते, नव्या माणसांना शिकवते. शेवटी लिहिलं की, मी आल्यावर या वॉर्डाचं काम मला हिनं शिकवलं. सही केली, चौकातल्या दुकानात स्कॅन करून घेतलं आणि पाठवून दिलं. माफीचं एक वाक्य तिनं त्या मेसेजखाली लिहिलं होतं. पाठवण्याआधी ते खोडलं. दवाखान्यात दाखवायच्या फोनवर ते कशाला, असं तिला वाटलं.

न्यादाकला काम मिळालं. ऑगस्टच्या मध्यावर तिचा एक फोटो आला, बिल्ला लावलेला. सोबत एकच शब्द, आभार. त्यानंतर तिचे मेसेज थांबले. तिथं गोवर पसरला होता, तिला उसंत नसणार, हे दीक्षाला कळत होतं. तिला बरं वाटलं. पण आता फोन हातात घ्यायला कारण उरलं नव्हतं, आणि दुपारी फार मोठ्या झाल्या.

सप्टेंबरात तिनं शहराबाहेर, कुहीच्या एका दवाखान्यात नोकरी धरली. सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळी यायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या शेतांतल्या बांध्या पाण्यानं भरलेल्या असायच्या. खिडकीजवळची जागा मिळाली तरी ती बाहेर बघायचं टाळायची. दवाखान्यातल्या कोणालाही तिनं आधीची नोकरी सांगितली नाही. शहरातल्या इस्पितळात होते, एवढंच म्हणाली.

छावणीतून आलेला निरोप तिनं आईला तेव्हाच सांगितला होता, पण न्यादाकला काम मिळाल्याचं सांगायचं राहून गेलं होतं. एका रविवारी तांदूळ निवडताना तिनं फोटो दाखवला. पंचफुलाबाईंनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"माय तर राह्यली म्हणते तिची तिकडेच. मंग ही कामावर गेल्यावर लेकरं कोणापाशी राह्यतात?"

"माहीत नाही," दीक्षा म्हणाली. "मी विचारलं नाही."

"इचारून पाह्य."

तिनं तिथंच बसून मेसेज लिहिला आणि पाठवला. थोडा वेळ दोघी फोनकडे बघत राहिल्या. मग आईनं सूप पुढं ओढलं.