गोदामातल्या मैफलीचे सदतीस सेकंद

दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. तिथे बसून बाई दिवसभर कवळ्या बनवत: मेणाच्या हिरड्या कोरायच्या, त्यात एकेक दात बसवायचा, दिव्याखाली धरून बघायचा. आणि डोक्यावरच्या फळीवर टेपरेकॉर्डर चालू असायचा. त्यावर बारा वर्षांपूर्वी मोडलेला एक बँड वाजत असे. या बँडच्या मैफलींची रेकॉर्डिंगं जमवणारी आठ-नऊ जणांची एक मंडळी होती. टपालानं आणि फोनवर त्यांची देवाणघेवाण चाले. त्या मंडळीत बाईंना सगळे ‘दातवाल्या बाई’ म्हणत.

बँड पाच जणांचा. गिटार, बास, ऑर्गन, ड्रम आणि बासरी. एकच चाल दोन दिवस सारखी वाजवायची नाही, ही त्यांची खोड. ‘लंबक’ नावाची त्यांची चाल कधी सहा मिनिटांत आटपे, कधी चाळीस मिनिटं चाले आणि वाटेत दुसऱ्याच दोन-तीन चालींच्या घरी डोकावून परत येई. बाईंकडे ‘लंबक’ची त्रेपन्न रेकॉर्डिंगं होती आणि प्रत्येकाची टाचणं वहीत होती: किती मिनिटं, कोण रंगात होतं, कोण दमलेलं, कुठल्या मिनिटाला कोण खोकलं.

“एकच गाणं त्रेपन्न वेळा?” नवरा विचारी.

“पेपरही रोज तोच येतो. वाचता ना तुम्ही?”

तेव्हाही त्याच्या हातात पेपरच असे.

सगळ्या मंडळींचा जीव मात्र एका मैफलीत अडकला होता. सव्वीस वर्षांपूर्वी बँड सायकल कारखान्याच्या रिकाम्या गोदामात वाजला. तिथे ‘लंबक’ ऐन भरात असताना अचानक ‘गलबत’ नावाची भलतीच चाल सुरू झाली, आणि अशी काही सुरू झाली की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पण ‘लंबक’मधून ‘गलबता’त बँड शिरला कसा, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या मैफलीचं एकच रेकॉर्डिंग होतं, साठ मिनिटांच्या कॅसेटवरचं. तिसाव्या मिनिटाला बाजू संपली. रेकॉर्डिंग करणाऱ्यानं कॅसेट उलटी केली, तेवढ्यात सदतीस सेकंद गेले.

या सदतीस सेकंदांवरून बाई आणि मास्तर वीस वर्षं भांडत होते. मास्तर म्हणजे निवृत्त गणिताचे शिक्षक, मंडळींतले सगळ्यात जुने आणि सगळ्यात हट्टी.

“आधीच ठरलं होतं त्यांचं,” मास्तर म्हणत. “ऑर्गनवाल्यानं खूण केली आणि सगळे वळले.”

“ठरवून वाजवणारी माणसं आहेत का ती? बासवाल्यानं वळवलं, मास्तर. लिहून ठेवा.”

ज्याचं चुकेल त्यानं सगळ्या मंडळींना पत्र लिहून तसं कबूल करायचं, असा करार होता. पण चुकलं कोण, हे कळायला वाव नव्हता.

एका मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी एका आजोबांना मागच्या खोलीत पाठवलं. त्यांच्या अर्धवट तयार कवळीच्या दातांचा रंग चेहऱ्याशी पडताळायचा होता. तोंडात एकही दात नाही, पण स्वारी मजेत. बाईंनी रंगाची पट्टी त्यांच्या ओठाशी धरली. टेपवर गोदामाची मैफल चालू होती. तेवढ्यात कॅसेट उलटल्याची ती प्रसिद्ध खरखर झाली आणि ‘गलबत’ सुरू झालं. आजोबांनी बाईंचा हात बाजूला सारला.

“फफलंत फाफं!” ते म्हणाले.

“काय म्हणालात?”

“फाफं! फफलंत! माफ्याफफे आफे!”

बाईंना ओ की ठो कळेना. आजोबा हातवारे करून घायकुतीला आले. शेवटी बाईंनी त्यांचीच मेणातली कवळी उचलली, त्यांच्या तोंडात बसवली आणि म्हणाल्या, “चावू नका. नुसतं बोला.”

“मधलं गाळलंत तुम्ही,” आजोबा खणखणीत म्हणाले. “माझ्याकडे आहे अख्खं. मी होतो तिथे. जनरेटर माझा होता.”

बाईंच्या हातातली पट्टी खाली पडली.

“कॅसेट किती मिनिटांची?”

“नव्वदची.”

नव्वदची! म्हणजे बाजू पंचेचाळिसाव्या मिनिटाला संपणार. तिसावं मिनिट धडधाकट असणार! बाईंनी भर दुपारी, डॉक्टरांच्या फोनवरून, मास्तरांना फोन लावला. कॅसेट नव्वदचीच ना, हे मास्तरांनी दोनदा विचारून घेतलं.

“माझ्याशिवाय ऐकायचं नाही,” मग ते म्हणाले. “शपथ आहे.”

दुसऱ्या दिवशी आजोबांनी कॅसेट आणून दिली. तिच्या आतली, फीत दाबून धरणारी फेल्टची गादी गळून पडली होती आणि फीत एका जागी चुरगळली होती. बाईंनी पाच बारीक स्क्रू काढले, मेण कोरायच्या हत्यारानं फीत अलगद उचलली आणि नव्या कॅसेटच्या पोटात नेऊन बसवली. चाळीस वर्षं दात बसवलेला हात, पण त्या दिवशी दोनदा थांबून घाम पुसावा लागला. आणि शपथ पाळली. हे त्यांनी कसं केलं ते त्यांनाच ठाऊक.

रविवारी सकाळी दहाला मास्तर बाईंच्या घरी हजर झाले, इस्त्रीचा शर्ट घालून. आजोबाही आले, तोंडात पक्की कवळी बसवून. नवऱ्यानं चहा ठेवला आणि पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिला.

बाईंनी कळ दाबली. आजोबांचा टेपरेकॉर्डर तेव्हा जरा सुस्त चालला असावा, कारण आता सगळं किंचित वरच्या पट्टीत ऐकू येत होतं. मास्तरांनी दोन्ही कॅसेटींवरच्या त्याच तुकड्याला घड्याळ लावून हिशोब केला आणि बाईंनी यंत्राचा वेग तितका कमी केला. ‘लंबक’ भरात आली. अठ्ठाविसावं मिनिट. एकोणतिसावं.

“आता,” मास्तर कुजबुजले.

टण्ण! गिटारची तार तुटली. गिटार थांबली. ऑर्गन दोन सूर अडखळला आणि बंद झाला, मग बास आणि बासरीही. गोदामात एकटा ड्रम उरला, पत्र्यांना धडका देत. पाच सेकंद. दहा. श्रोत्यांत कुणीतरी हसलं. आणि अगदी जवळून, जणू खोलीतूनच, एक शीळ आली. खालून ओढत वर जाणारी, ‘गलबता’ची पहिली ओळ. एकदा. परत एकदा. तिसऱ्यांदा बासरीनं ती उचलली. बास धावत आला, ऑर्गन आला, आणि गलबत निघालं.

बाईंनी टेप थांबवली. मास्तरांच्या हातातला कप तिरका झाला होता आणि चहा बशीत सांडत होता.

“शीळ कोणाची?” मास्तर ओरडले. “कोण होता तो?”

“माझी की,” आजोबा म्हणाले.

“तुमची?”

“आमच्या हिचा पाय मोडला होता तेव्हा, येता आलं नाही. हिच्यासाठीच टेप करत होतो मंचाच्या पायरीवर बसून. बँड थांबला, म्हटलं कॅसेट कशाला फुकट घालवायची? हिची आवडती चाल शिळेवर टाकली. नंतर त्यांनीही तीच धरली, मला वाटलं योगायोग.”

“योगायोग!” बाईंनी कपाळाला हात लावला. “काका, अहो, बँड तुमच्या मागून गेला!”

आजोबा म्हणाले, “परत लावा बरं.” परत लावलं. चौथ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी फोन मागितला आणि घरी लावला.

“अगं, त्यांनी माझी शीळ घेतली होती! बँडनं! गोदामात!”

पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. “टेप ऐकली तेव्हाच म्हटलं होतं मी, मध्ये शीळ कशाला घातलीत, गाणं नीट ऐकू येत नाही.”

नवरा इतका हसला की त्याला पेपर खाली ठेवावा लागला.

मास्तर मात्र हसत नव्हते. ते बाईंची वही चाळत होते. “बाई, बासरी ‘गलबता’ची सुरुवात नेहमी सरळच करते ना? पहिला सूर थेट?”

“नेहमी नाही. कधीकधी खालून ओढून...” बोलता बोलता बाई उठल्याच. कपाटातून कॅसेटी भराभरा निघाल्या. गोदामाचं सोडून ‘गलबता’ची एकतीस रेकॉर्डिंगं होती. गोदामाच्या आधीची अकरा, नंतरची वीस. आधीचं पहिलं लावलं: सरळ सूर. दुसरं: सरळ. अकराच्या अकरा सरळ. मग गोदामानंतरच्या महिन्यातली मैफल लावली. बासरी खालून ओढत वर गेली, थेट आजोबांसारखी.

“पुढचं!” मास्तर म्हणाले.

पुढचंही तसंच. त्याच्या पुढचंही. दर वेळी बासरी वर चढली की आजोबा मांडीवर थाप मारत, “हे बघा! हे बघा!” करत होते. पत्र बाई आणि मास्तर दोघांनी मिळून लिहायचं ठरलं, कारण चुकले दोघेही होते, आणि दोघांनाही त्याचं भारी सुख झालं होतं.

“बारा वाजून गेले,” नवरा म्हणाला. “जेवायचंय का कुणाला?”

“अजून चौदा आहेत,” बाई म्हणाल्या आणि पुढची कॅसेट आत सरकवली.