उजवीकडची फांदी

नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने झाडाचं वय विचारलं. बाबांनी एकतीस सांगितलं आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "हिच्याहून अकरा वर्षांनी लहान."

मुलगी हसली. बाबांनी तिचे दात पाहिले. अडतीस वर्षं दंतवैद्यकीच्या कॉलेजात कवळ्या बनवल्यावर माणूस समोर हसणाऱ्याचे डोळे बघत नाही.

झाड चिंचेचं होतं, हातभर उंचीचं. त्यांच्या प्रयोगशाळेमागच्या नळापाशी उगवलेलं रोप त्यांनी प्लास्टरच्या रिकाम्या डब्यात लावून घरी आणलं होतं, एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. मेण कोरायच्या बारीक हत्यारांनी ते त्याची साल खरवडायचे, फांद्यांना तारा गुंडाळायचे. आई म्हणायची, यांनी त्या झाडालाही कवळी बसवलीय.

दीड वर्षापूर्वी बाबांना कंपवात झाला. आधी उजवा हात, मग दोन्ही. तार गुंडाळणं सुटलं, मग कात्री सुटली, आणि एकदा रोजच्यासारखं उजाडताच झाडांना पाणी घालताना झारी हातातून निसटून ते गच्चीवर पडले तेव्हा मी ठरवलं की आता एकटं राहणं पुरे. पुढच्या महिन्यात ते माझ्याकडे राहायला येणार होते. माझं घर अकराव्या मजल्यावर. गॅलरी नाही, खिडकीत ऊन नाही. झाडांचं काय, असं त्यांनी एकदाच विचारलं, आणि मी घराची अडचण सांगितल्यावर पुन्हा विषय काढला नाही. लहान झाडं त्यांनी शेजारीपाजारी देऊन टाकली. चिंच तेवढी राहिली. मग एक दिवस म्हणाले की बोन्सायवाल्यांचं मोठं संमेलन आहे, तीन दिवसांचं, तिथे चिंचेसाठी एखादा माणूस मिळेल.

सभागृह एवढं लांब होतं की दुसऱ्या टोकाची माणसं बाहुल्यांसारखी दिसत होती. निळ्या कापडाच्या टेबलांवर शेकडो झाडं. हौशी लोकांचा विभाग मागच्या भिंतीला, स्वच्छतागृहाच्या वाटेवर. बाबांनी माझ्याकडून झाड तीनदा फिरवून घेतलं. चांगली बाजू पुढे आली आणि उजवीकडची वाळकी फांदी भिंतीकडे गेली तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

पहिल्या दिवशी मंचावर एका नामांकित उस्तादांचं प्रात्यक्षिक होतं. कॅमेऱ्यामुळे त्यांचे हात मागच्या पडद्यावर भिंतीएवढे दिसत होते. त्यांनी जाड फांदी हलक्या हाताने वाकवली, तार आवळली, टोक कापलं. बाबा सगळं बघत होते, स्वतःचे दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून. टाळ्या झाल्या तेव्हाही त्यांनी ते बाहेर काढले नाहीत.

झाड विचारणारे बरेच आले. एका गृहस्थांना ते कार्यालयाच्या स्वागतकक्षात ठेवायचं होतं. तिथे उजेड कसला, असं बाबांनी विचारलं, ते ट्यूबलाइटबद्दल बोलू लागले, आणि बाबांनी त्यांना नम्रपणे पुढच्या टेबलाकडे पाठवलं. एका तरुण जोडप्याला झाड फार गोड वाटलं. गावाला गेलात तर पाणी कोण घालणार, या प्रश्नावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलीला स्थळ बघावं तशा बाबांच्या चौकशा चालल्या होत्या. मला हसू येत होतं आणि थोडा कंटाळाही. माझं औषधांचं दुकान मी तीन दिवस मदतनिसावर सोडून आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, भूगोल शिकवणाऱ्या. त्यांनी घराला दक्षिणेचं अंगण असल्याचं सांगितलं, स्वतःची दोन झाडं कशी मेली तेही न लपवता सांगितलं. एक जास्त पाण्याने, एक घाईने. बाबांनी मला चहा आणायला पिटाळलं. त्यांना कोणी मनात भरलं की ते चहा मागवतात.

चहाला रांग होती. दोन पेले घेऊन मी परतले तेव्हा बाई टेबल आणि भिंतीच्या मधल्या फटीत वाकून उभ्या होत्या, आणि बाबा खुर्चीत, माझ्याकडे पाठ करून.

"ही उजवीकडची कशी गेली?" बाईंनी विचारलं.

मी उत्तर जाणून होते. पाणी कमी पडलं. मला तेवढंच सांगितलेलं होतं.

 बाबा म्हणाले की बावीस वर्षांपूर्वी बायको आजारी होती. सहा आठवडे ते इस्पितळात बसून होते, गच्चीवर गेलेच नाहीत. परत येऊन बघतात तर एवढी एक फांदी तगली नव्हती.

बाईंनी विचारलं, घरात दुसरं कोणी नव्हतं का?

"मुलगी होती. परगावी शिकायला. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आलेली. मी दोनदा तिला फोन करायला उठलो. दुसऱ्या वेळी बायकोनं माझा शर्ट धरला. म्हणाली, पोरीचं वर्ष गेलं तर मी तुम्हाला माफ करणार नाही. पेपर संपले की बोलवा, तोवर मी थांबते." बाबांनी खाली पाहिलं. "तिला वाटलं, थांबता येईल."

मी पेले धरून तिथेच उभी राहिले.

शेवटचा पेपर देऊन मी खोलीवर आले तेव्हा निरोप आला होता. पोचले तेव्हा आई मला ओळखत नव्हती. दिवसकार्य उरकल्यावर मी बाबांना म्हणाले होते, तुम्ही मला माझी आई भेटू दिली नाहीत. ते ऐकून घेऊन जेवायची पानं मांडायला गेले होते. त्यानंतर मी त्यांची औषधं पाहिली, सणवार पाहिले, दर रविवारी फोन केला. कर्तव्यात कुठे कसूर केली नाही. पण मुक्कामाला म्हणून त्या घरी कधी राहिले नाही.

"मुलीला माहीत आहे हे?" बाईंचा आवाज खाली आला होता.

"नाही. सांगून काय करायचं? गेलेल्या आईवर रागावून कुठे जाईल ती? माझ्यावर रागावता तरी येतं. मी समोर असतो."

पेल्यांतला चहा माझ्या बोटांवर सांडला होता. मी दोन रांगा मागे गेले, कुठल्यातरी बुटक्या संत्र्याच्या झाडासमोर उभी राहिले. मग नाक पुसून, चपला मुद्दाम वाजवत परत आले आणि म्हणाले, "किती ती गर्दी. चहा गार झाला बहुतेक."

"चालेल," बाबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी संमेलन आटोपलं. बक्षीस कुठलंच मिळालं नाही. बाईंनी वहीत सगळं उतरवून घेतलं होतं: पाणी कधी, माती कधी बदलायची, कुठली फांदी कुठवर येऊ द्यायची. कधीही येऊन बघा, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. बाबा म्हणाले की प्रवास आता जमत नाही. वाळलं तर कळवू नका, एवढंच सांगितलं.

बाईंच्या गाडीत पुढच्या सीटवर कुंडी ठेवली. बाबा पट्टा लावायला वाकले. खाच सापडेना. दोनदा, तीनदा टोक बाजूला आपटलं. बाई दुसरीकडे बघू लागल्या. मी बाबांच्या हातावर हात ठेवून तो दाबला. खट् आवाज झाला. संध्याकाळ होत आली होती आणि चिंचेची पानं मिटू लागली होती.

"मिटली म्हणून घाबरू नका," बाबा बाईंना म्हणाले. "सकाळी उघडतात."

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर बाबांनी विचारलं, तुझ्या दुकानाचं ठीक चाललं असेल ना? मी हो म्हणाले. काल ऐकलेलं बोलायला मी तिथेही तोंड उघडलं, आम्ही उतरलो होतो त्या लॉजच्या जिन्यातही उघडलं. दोन्ही वेळा औषध घेतलंत का, एवढंच विचारलं.

सकाळी नळाच्या आवाजाने मला जाग आली. नुकतं उजाडलं होतं. बाबांनी आंघोळीचा प्लास्टिकचा मग काठोकाठ भरून आणला होता आणि ते खोलीच्या मधोमध उभे होते. दाराकडे दोन पावलं गेले, थांबले. मगात पाहिलं. हात थरथरत होते, पाणी मनगटावरून फरशीवर ठिबकत होतं. पाणी ओतून टाकावं की कुठे ठेवावं, हे त्यांना सुचत नव्हतं.

मी उठून बसले.

"बाबा, मला द्या. तहान लागलीय."

त्यांनी दोन्ही हातांनी मग माझ्यापुढे धरला. मी तो घेतला, आणि ते बघत होते तोवर सगळं पाणी पिऊन टाकलं.