शीतखोलीतली ऊब

ऐन जानेवारीत माझ्या मिनेसोटातल्या बारचं हीटिंग बंद पडलं. बाहेर उणे तीस, आत गिऱ्हाइकांच्या मिशांवर बर्फ, पण घरी जायला एक मेला तयार नाही! शेवटी सगळे बिअरची पिंपं ठेवायच्या शीतखोलीत घुसले. तिथे नेहमीचे तीन अंश, म्हणजे आमचा उन्हाळाच.

"अगं, दार लाव! गारठा आत येतोय!" म्हातारा टोइव्हो ओरडला.

थोड्या वेळाने काउंटरवरच्या नळाला नुसता फेस यायला लागला. एवढी माणसं कोंबल्यावर पिंपं तापणारच. मी शीतखोलीचं दार धाडकन उघडलं. "गरम डोक्याचे आणि नवीन लग्न झालेले, आधी बाहेर निघा!"

कुरकुरत सगळे निघाले. फक्त टोइव्हो आणि त्याची बायको लेम्पी हलली नाहीत. मासेमारीवरून भांडून दोघांनी महिनाभर अबोला धरला होता.

"आम्हाला राहू दे," टोइव्हो म्हणाला. "आमच्यात बर्फच आहे."

खरंच, बिअर पुन्हा नितळ यायला लागली. दोन ग्लास झकास भरले. तिसऱ्याला परत फेस.

सगळ्यांनी माना वळवल्या. मी दार उघडलं, तर लेम्पीचा हात टोइव्होच्या कोटाच्या खिशात.

"दार लाव," लेम्पी म्हणाली. "गारठा येतोय."