परक्या हातचा भात

एकतीस वर्षं मी उत्तर जपानात नोबोरिबेत्सूला, गरम पाण्याच्या झऱ्यांजवळच्या एका मोठ्या हॉटेलात गाद्या-चादरींचं खातं सांभाळलं. गादीला नाक लावलं की तिला किती दिवसांत ऊन दाखवलेलं नाही हे मी सांगू शकते. ह्या नाकाचा मला फार अभिमान होता. आता तितकासा नाही.

सायकलची हौस माझी नव्हे, माझ्या थोरल्या बहिणीची, तोमोएताईची. ती पोस्टातून निवृत्त झाली आणि महिन्याभरात दोन सायकली घेऊन आली. दुसरी माझ्यासाठी. "किनुयो, गुडघे आहेत तोवर फिरून घेऊ," म्हणाली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही दोघी आठ-दहा दिवस बाहेर पडायचो. दिवसभर पायडल मारण्यावरून आमचं कधी वाजलं नाही. वाजायचं ते पाठ कुठे टेकायची ह्यावरून. ताईला तंबू पुरायचा, नाहीतर कुठलीही फुकटातली जागा. मला घरगुती लॉजची खोली हवी, धुतलेली चादर हवी, दाराला कडी हवी. शेवटी एक मुक्काम तिच्या मर्जीचा, एक माझ्या, असा तह झाला होता.

त्या ऑगस्टमध्ये आम्ही ओखोत्स्क समुद्राच्या काठाने खाली येत होतो. दिवसभर समोरून वारा आणि आडवा पाऊस. मुक्काम ताईच्या मर्जीचा होता, म्हणून तंबूच्या मैदानावर गेलो, तर फाटकाला दोरी बांधलेली आणि पाटी: अस्वल दिसल्यामुळे बंद. गावात लॉज एकच. तिथली बाई दारातच म्हणाली, "पुलाच्या कामावरची माणसं भरलीत हो. ऑक्टोबरपर्यंत एक गादी रिकामी नाही." पुढचं गाव अडतीस किलोमीटरवर, आणि ताईचा उजवा गुडघा भाकरीसारखा सुजलेला.

"जुन्या स्टेशनासमोर फुकुमोरी आजींचं रायडर हाउस आहे," ती बाई म्हणाली. "मोटारसायकलवाले, सायकलवाले राहतात. पैसेबिसे काही नाही. पण..."

"पण काय?"

"पूर्वी चांगलं होतं," एवढंच म्हणून तिने दार लावलं.

मासेमारीची जाळी ठेवायची ती जुनी वखार होती. आजींच्या नवऱ्याने तिच्यात झोपायला फळ्यांची मचाणं ठोकून वाटसरूंची सोय केली होती, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. आजी रस्त्यापलीकडच्या घरात राहत. आम्ही दार सरकवलं आणि वास अंगावरच आला. ओले मोजे, जळकं तेल, मूत, आणि ह्या सगळ्याखाली गादीतली जुनी, मुरलेली कुबट ओल. मी तोंडाने श्वास घ्यायला लागले, तर तो वास चवीसारखा जिभेवर बसला.

शेगडीजवळ एकावर एक चार गाद्या रचून पन्नाशीचा एक माणूस आडवा पडला होता. पायाच्या अंगठ्याचं नख कात्रीने कापत होता आणि तुकडे शेजारच्या भांड्यात टाकत होता. ते भांडं म्हणजे चहाचा कप आहे हे मला नंतर दिसलं.

"या काकू, या," तो न उठता म्हणाला. "मी इगाराशी. मे महिन्यापासून इथे आहे, म्हणजे मीच इथला मॅनेजर समजा. चपला तिकडे. ओलं सामान इकडे आणायचं नाही. आणि आधी आपापली ओळख करून द्यायची, नियम आहे."

"काकू कोणाला म्हणतोस रे?" ताई म्हणाली. "तुझंही डोकं पिकलंयच की."

कोपऱ्यात दोन मोटारसायकलवाले खाली मान घालून पाव खात होते. ते हसले नाहीत. एकाने नुसतं माझ्याकडे पाहिलं, बसमध्ये ओकारी आलेला माणूस पाहतो तसं.

इगाराशीची सायकल भिंतीला टेकलेली होती. मागे पाटी लटकत होती, 'संपूर्ण जपान सायकलवर'. दोन्ही टायर चपटे, साखळी गंजून लाल. ताईने साखळी बोटाने हलवून पाहिली, जागची हलली नाही.

शेगडीवर मोठं पातेलं होतं. "सूप घ्या," इगाराशी म्हणाला. "जुलैपासून हे पातेलं रिकामं झालेलं नाही. जो येतो तो आपल्याकडचं काहीतरी घालतो, मी उकळी काढतो. खरी चव त्यामुळेच येते." त्याने डाव फिरवला. वर एक राखाडी साय होती ती फाटली आणि खालून काहीतरी केसाळ वर येऊन पुन्हा बुडालं. पातेल्याच्या कडेला बोटभर जाड थर चढला होता. मी बाहेर पावसात जाऊन उभी राहिले.

तेव्हाच आजींना पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळचे सहा वाजले असतील. कमरेत वाकलेली म्हातारी डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन रस्ता ओलांडत आली, अंगणातल्या स्टुलावर तिने कापडात बांधलेला डबा ठेवला, दाराकडे पाहून वाकून नमस्कार केला आणि परत गेली. आत आली नाही. ती दिसेनाशी होताच इगाराशी बाहेर आला, डबा उचलून वखारीच्या मागे गेला, आणि मिनिटभराने तो स्टुलावर आणून ठेवला.

"काय होतं त्यात?" मी विचारलं.

"काय असणार? रिकामा डबा. म्हातारीचं डोकं फिरलंय. रोज येऊन रिकामा डबा ठेवते." आणि कानाजवळ बोट गरगर फिरवून हसला. दातांना त्या सुपातले हिरवे तुकडे चिकटलेले होते.

रात्र कशी काढली ते सांगत नाही. मी गादीला अंग लावलं नाही. पावसाळी कोट जमिनीवर अंथरून त्याच्यावर बसून राहिले. ताई मात्र गुडघ्याला पट्टी बांधून त्याच गादीवर घोरली.

आमच्याकडे उन्हाळ्यात चारलाच उजाडतं. संडासाचं दार उघडण्याचा मी एकदा प्रयत्न केला होता, दुसऱ्यांदा करणार नव्हते. म्हणून वखारीच्या मागे, गवताच्या आडोशाला गेले. तिथे एक कोल्हा उभा होता. तोंडात पांढरं काहीतरी. मला पाहून त्याने ते टाकलं आणि पळाला.

तो भाताचा मुटका होता. त्याच्यामागे ढीग. गुडघ्याएवढा. वरचे मुटके कालचे, अजून तिकोनी, समुद्री शेवाळाची वाळवलेली पट्टी नीट लावलेली. खालचे पिवळे, मग हिरवे, मग काळ्या केसांची बुरशी आलेले, आणि अगदी तळाला नुसता चिकट, बुडबुडे येणारा लगदा. त्यात अळ्या वळवळत होत्या. मुटक्यांबरोबर उकडलेले बटाटे, मक्याची कणसं, मुरवलेल्या काकड्या. कोणीतरी रोज उठून, हात भाजून घेत हे वळलेलं होतं आणि दुसरं कोणीतरी ते रोज इथे आणून उलटं करत होतं. मला ओकारी झाली. पोटात काही नव्हतं तरी होत राहिली.

ताईला उठवून आणलं. तिने ढीग पाहिला, आत गेली आणि इगाराशीच्या चारांतल्या वरच्या दोन गाद्या त्याच्यासकट ओढल्या. तो खाली पडला.

"मागे काय आहे ते?" ताई म्हणाली.

"अहो काय आहे?" तो डोळे चोळत म्हणाला. "म्हातारीचा भात. तुम्ही खाल? परक्याच्या हातांनी वळलेला भात? तिची नखं पाहिलीत? नाक पुसते आणि त्याच हाताने वळते. मला नाही जात असलं."

"मग तिला तसं सांग. नको म्हण."

"तिचं मन मोडायचं? मी डबा रिकामा करून देतो, ती खूश असते. विचारा तिला. आठ जण राहिलेत म्हटलं की आठ जणांचं करते. मी तिच्यावर उपकारच करतोय."

"आणि ती आत का येत नाही?"

"पाहुण्यांना म्हातारं माणूस नको असतं, असं सांगितलंय. खोटं आहे का?" तो त्या दोन मोटारसायकलवाल्यांकडे वळला. "काय हो, खोटं आहे?"

ते दोघे पिशव्या बांधत होते. त्या पातेल्यातलं ओरपणाऱ्या माणसाला आजींच्या नखांची किळस येत होती, ह्याचं मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. परक्या हातांनी वळलेला भात मलाही जात नाही. लहानपणापासून नाही. शाळेच्या सहलीत मैत्रिणीच्या आईने दिलेले मुटके मी कुत्र्याला घातलेले आहेत. त्या माणसाच्या तोंडून माझंच वाक्य ऐकून अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

ताई साडेआठला सुजल्या गुडघ्यानेच सायकल मारत नगरपालिकेत गेली. नोशिरो नावाचे एक साहेब दोन माणसांना घेऊन आले. त्यांनी ढीग पाहिला, नाकाला रुमाल लावला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तंबूचं मैदान इथून सहाशे मीटरवर आहे," ते म्हणाले. "आम्ही तीन आठवडे शोधतोय अस्वल इकडे कशाला येतंय. आणि पलीकडे म्हातारी एकटी झोपते!"

इगाराशीने नियम सांगायला सुरुवात केली. नोशिरोंनी ऐकून घेतलं नाही. अर्ध्या तासात तो गंजकी सायकल ढकलत, चपट्या टायरांचा फटफट आवाज करत बसथांब्याकडे गेला. जाताना म्हणाला, "काकू, तुम्ही खाऊन दाखवा म्हणजे बोला."

मग आम्ही कामाला लागलो. ढीग पोत्यांत भरला, वर चुना टाकला. पातेलं ताईने घासायला घेतलं आणि दोन मिनिटांत सोडून दिलं. ते पोत्यातच गेलं. गाद्या मी एकेक ओढून बाहेर काढल्या. अकरांपैकी वाचवण्यासारखी एकही नव्हती. दोन हातमोजे एकावर एक चढवूनही माझ्या बोटांना तो वास संध्याकाळपर्यंत येत होता.

एवढा गोंधळ ऐकून आजी अंगणात आल्या, स्टुलाशी येऊन थांबल्या. आत येऊ का, असं त्यांनी विचारलं. स्वतःच्याच जागेत. नोशिरो म्हणाले, इगाराशीला घरून तातडीचं बोलावणं आलं. ढिगाचं कोणीच काही बोललं नाही.

"अरेरे," आजी म्हणाल्या. "जेवण न करताच गेला? चांगला मुलगा हो. रोज सांगायचा, सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं म्हणून. माझ्या यजमानांचा नियमच होता, वाटसरू इथून उपाशी जायचा नाही."

आम्हाला त्या घरी घेऊन गेल्या. ऐंशी ओलांडलेली बाई, पण भात अप्रतिम शिजला होता, वाफेचा वाससुद्धा गोड होता. हात वाडग्यातल्या पाण्यात बुडवून त्या वळायला बसल्या. अंगठ्याला चिकटपट्टी होती, कडा काळ्या पडलेल्या. शेवाळाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या सुट्या करायला त्यांनी बोट जिभेला लावलं. मी पाहिलं. मला दिसायला नको होतं, पण माझे डोळे हेच पाहायला तयार झालेले आहेत.

ताईने तिथेच दोन खाल्ले, तिसरा मागितला. "खा ना गं," मला म्हणाली.

"वाटेत खाईन. सकाळपासून पोट बरं नाही."

"मग दोन घेऊन जा," आजी म्हणाल्या आणि कागदात बांधून दिले. कागद गरम होता. दोन्ही हातांनी दिले त्यांनी, आणि वाकल्या. मीही वाकले.

पुढच्या गावापर्यंत ते माझ्या हँडलवरच्या पिशवीत होते. चढावर प्रत्येक वेळी मान खाली गेली की भाताचा वास यायचा, आणि त्या वासाबरोबर तो ढीग, त्या अळ्या, ते बोट. मी स्वतःला समजावलं की ही बाई वेगळी, तो ढीग वेगळा. डोक्याला पटलं, पोटाला पटलं नाही. गावाच्या तोंडाशी दुकान होतं. ताई आत गेली. बाहेर कचऱ्याचा डबा होता. मी पुडकं उघडून पाहिलंही नाही. आत टाकलं आणि वरून रिकामी बाटली टाकली, दिसू नये म्हणून.

मागे वळले तर ताई काचेच्या दारात, हातात दोन आइस्क्रीम घेऊन उभी. तिने सगळं पाहिलं होतं.

एक आइस्क्रीम माझ्या हातात देत ती म्हणाली, "इगाराशी निदान मी विचारल्यावर खरं बोलला."

त्या दिवशी आम्ही माझ्या मर्जीच्या लॉजवर उतरलो. चादर धुतलेली होती, दाराला कडी होती. मी तीनदा अंघोळ केली.

नोव्हेंबरात आजींचं कार्ड आलं; निघताना ताईने त्यांना पत्ता दिला होता. नगरपालिकेने मचाणं नवी करून दिलीत, उन्हाळ्यात पुन्हा उघडणार, आणि तुम्हाला दोन्हींतला कुठला मुटका जास्त आवडला ते कळवा, त्याच्याच जास्त करीन. मी त्यांच्या बोटांकडेच पाहत राहिले होते, मुटक्यांच्या आत काय भरलं होतं ते मला माहीतच नव्हतं. ताईला विचारायचं धाडस झालं नाही. मी अंदाजाने लिहिलं, सॅमन माशाचा. आजींचं उलट कार्ड आलं नाही, त्यामुळे अंदाज बरोबर होता की नाही हे कळलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ताई एकटीच त्या काठाने गेली आणि दोन रात्री तिथे राहिली. परत आल्यावर म्हणाली, जागा स्वच्छ आहे, आजी आत येऊन बसतात, गप्पा मारतात. आता आमचे मुक्काम वेगळे असतात; दिवसा एकत्र सायकल मारतो, संध्याकाळी ती तिच्या जागी जाते, मी माझ्या.