खाली कोण आहे

दाजी आणि मेव्हणा एकाच कंपनीत लिफ्ट दुरुस्त करायचे. दाजी वरच्या मशिनच्या खोलीत, मेव्हणा खाली लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात. खड्ड्यात उतरणाऱ्याने आधी वरच्या खोलीतला मेन स्विच बंद करायचा, त्यावर आपली लाल पाटी अडकवायची आणि काम झालं की स्वतः वर येऊन ती काढायची. दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा नाही, मग साक्षात मालक आला तरी. हा नियम दाजींनीच मेव्हण्याला पहिल्या दिवशी कान धरून शिकवला होता.

पुढे दाजींचं वजन असं वाढलं की लिफ्टच्या छतातल्या झडपेतून ते वर निघेनात. कंपनीने ऑफिसात टेबलावर बसवायची भाषा सुरू केली, तेव्हा त्यांनी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. जठर एवढंसं राहिलं आणि बघता बघता माणूस निम्मा झाला. कामावरचे तरी त्यांना 'जाड्या'च म्हणत.

"अंग गेलं, नाव तरी राहू द्या," दाजी म्हणायचे.

सुरुवातीला डोकंही असं चालायला लागलं की बघत राहावं. कुठल्या इमारतीत कुठली तार कुठून जाते, सगळं तोंडपाठ. "मेंदूवरची चरबीसुद्धा उतरली," म्हणायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं: जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, उलट्या थांबेनात तर लगेच यायचं. दाजींच्या बायकोने, मेव्हण्याच्या ताईने, गोळ्यांची डबी चहाच्या डब्याशेजारी ठेवली होती. ती भरलेली होती, तशीच राहिली.

मग उलट्या लागल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाजी नळ सोडून ओकायचे. दवाखान्याचं नाव काढलं की खेकसायचे.

"कंपनीत बोलू नकोस रे," ताई भावाला म्हणाली. "टेबलावर बसवलं तर खचतील ते."

मेव्हणा गप्प बसला. त्या गप्प बसण्याचं ओझं त्याला रोज खड्ड्यात उतरताना जाणवायचं.

दाजी आता भिंतीला हात लावून चालत. एका बोल्टचे दोन दिसतात म्हणत. पण खरी भीती वेगळीच होती. विसरणारा माणूस अडखळतो, डोकं खाजवतो. दाजी अडखळतच नव्हते. पाना सापडेना, तर म्हणाले, "काल तूच वॉचमनला दिलास. तो खुर्चीत बसून संत्रं सोलत होता." काल त्या इमारतीत कुणी गेलंच नव्हतं. सांगणं मात्र इतकं ठाम की मेव्हण्याला स्वतःचीच शंका यायची.

त्या दिवशी तो खड्ड्यात वाकून स्प्रिंगला ग्रीस लावत होता. डोक्यावर दोर सळसळले. क्षणभर त्याला ते खरं वाटेना, कारण पाटी त्याने स्वतः अडकवली होती. मग वरचा उजेड आक्रसू लागला आणि तो तेलकट जमिनीवर पालथा पडला. लिफ्टचं बूड त्याच्या पाठीपासून वीतभर वर येऊन थांबलं.

कसाबसा बाहेर निघून तो जिने चढला. दाजी लाल पाटी फडक्याने पुसत होते.

"पाटी कुणी काढली, दाजी?"

"मीच. तूच म्हणालास ना, झालं, काढा."

"मी खाली होतो."

"अरे, वर आलास, घाम पुसलास, अर्धी बाटली पाणी प्यायलास." दाजींनी शांतपणे बाटली पुढे केली.

बाटली काठोकाठ भरलेली होती. झाकणाचं सील तुटलेलं नव्हतं.

मेव्हण्याने साहेबांना फोन करून सगळं सांगितलं आणि तसंच दाजींना दवाखान्यात नेलं. ताई धावत आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं?"

"दोन अंडी, पाव," दाजी म्हणाले. "हिने मीठ जास्त घातलं होतं. मी बोललो नाही, उगाच रुसते."

त्यांच्या पाठीमागे ताईने हळूच नाही म्हणून मान हलवली. तीन दिवस त्यांच्या पोटात काही टिकलं नव्हतं.

"अंगातलं एक जीवनसत्त्व पार संपलंय. उलट्या आणि न घेतलेल्या गोळ्या," बाई दाराबाहेर म्हणाल्या. "इंजेक्शनं लगेच सुरू करते. डोळे, चाल सुधारेल. रिकाम्या आठवणी त्यांचं डोकं आपोआप रचून भरतंय; ते थांबेल का, आज सांगता येत नाही. महिनाभर आधी आणलं असतं तर..." ताईने भावाकडे पाहिलं नाही, भावाने ताईकडे.

संध्याकाळी मेव्हणा कॉटशेजारी बसला होता. दाजी भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाकडे टक लावून बघत होते.

"मी हाक मारली होती," ते पुटपुटले. "खाली कोण आहे म्हणून. कुणी ओ दिली नाही."

मेव्हणा पुढे झुकला. "मग, दाजी?"

दाजींनी वळून पाहिलं. चेहरा पुन्हा गुळगुळीत, समाधानी झाला होता.

"मग काय, तू दिलीस ना," ते म्हणाले आणि दिवा बंद करायला त्यांनी हात लांब केला.